रामटेकचा डोंगर आणि आईचा दगड

आमची नात सहाव्या वर्गात आहे. महाराष्ट्राचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनले, हे शाळेत शिकल्यापासून तिला ज्वालामुखीचा डोंगर पाहायचा होता. एके दिवशी तिने मोबाइलवर रामटेकचे वरून काढलेले चित्र पाहिले. घोड्याच्या नालेसारखा वळलेला डोंगर, आणि त्या नालेच्या मधोमध पाणी. ती धावतच आली. "आजी, हे बघ ज्वालामुखीचं तोंड! आपल्या नागपूरजवळच आहे!"

माझी आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. वय चौऱ्याऐंशी. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे राहिले आहे. रामटेकचे नाव ऐकून तिने मान वर केली. "त्याच्या अलीकडं मनसर हाय," ती म्हणाली. "तिकडं मी टोपले वाह्यले. मरायच्या आधी एकडाव पाहाचं हाय मले."

झाले. पणतीला ज्वालामुखी पाहायचा होता आणि पणजीला मनसर. दोघींचा रस्ता एकच होता.

आता जायचे कसे? बसने गेलो तर आईला चढउतार जमत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर गाडी घेतली आहे. ती तो भाड्याने चालवतो. रविवार हा त्याच्या कमाईचा दिवस. त्याला विचारायला मला संकोच वाटत होता. पण त्याच्या कानावर गेले तेव्हा तो स्वतःच घरी आला. म्हणाला, "मावशी, आजीले घेऊन जायचं तर भाडं कायचं? सकाळी सहाले तयार राहा."

एका शेजारीण ताईंनी मात्र विचारले, "रामटेकला? आपण बौद्ध माणसं तिकडे काय करायला?" प्रश्न सरळ होता, म्हणून मीही सरळ उत्तर दिले. ताई, आम्ही नवस फेडायला चाललो नाही. डोंगर कोणत्याही एका देवळाच्या मालकीचा नसतो. आमच्या आईबापांनी त्या मातीत घाम गाळला आहे. ती माती कशाची आहे, तिच्यावर कोण कोण राहून गेले, हे मुलांना दाखवायला चाललो आहोत. बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावल्या आहेत आणि मनातही आहेत. बघितल्याने त्या मोडत नाहीत.

हिवाळ्यातला रविवार होता. पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी, झुणका, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला. त्रिशरण-पंचशील घेतले. आईला पुढच्या सीटवर बसवले, पायाखाली उशी दिली. मी, आमचे हे आणि नात मागे. नातीच्या हातात एक कापडी पिशवी होती. तिच्यात आमच्या गल्लीत बांधकामासाठी पडलेल्या गिट्टीचा एक काळा दगड होता. "हा खरा ज्वालामुखीचा दगड आहे," ती म्हणाली. "तिथल्या दगडाशी जुळवून बघायचा."

मुलीचे म्हणणे खरे होते. वाचकहो, आपण नागपूरकर रोज ज्या दगडावर चालतो तो कशाचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. आपली दीक्षाभूमीही त्याच बाजूला येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एकच उंच शंकू आणि त्याच्या टोकातून धूर, असे इथे झाले नाही. रस पाण्यासारखा पसरला, थिजला, त्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर बसत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन ह्या थरांनी झाकलेली आहे. सह्याद्रीकडे त्यांची जाडी फार मोठी आहे, आणि पूर्वेकडे येता येता ती कमी होत जाते. नागपूर ही त्या पसाऱ्याची पूर्वेकडची कड आहे. म्हणजे लाव्हा आपल्या शहरापर्यंत येऊन थांबला, असे म्हणायला हरकत नाही.

दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे उगवत, शिंपले-गोगलगायी राहत. पुढचा लोंढा आला की सारे त्याखाली गाडले जाई. नागपूरच्या टाकळी भागात अशा गाडल्या गेलेल्या जिवांचे अवशेष दगडात सापडले. ते शोधून जगापुढे मांडणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते. त्यांच्याच नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे. १८६३ साली टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. नातीने विचारले, "दगडासाठी माणूस मेला?" मी म्हटले, दगडासाठी नाही, माहिती करून घेण्यासाठी.

इंदोरा मागे टाकून कामठी रोडला लागलो. डोक्यावर मेट्रोचे खांब. आई काचेतून बघत होती आणि तिला काही ओळखू येत नव्हते. "हे कोणतं गाव हाय?" असे तिने तीनदा विचारले. पूर्वी ती ह्या रस्त्याने ट्रकच्या मागच्या बाजूला बसून येत असे. पुढच्या सीटवरून हा रस्ता ती पहिल्यांदाच पाहत होती.

कामठीला पोहोचल्यावर गाडी थोडी थांबवली. हे बाबू हरदास एल. एन. यांचे गाव. १९०४ साली जन्मलेल्या ह्या कार्यकर्त्याने विडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ साली प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी ऐन तारुण्यात गेले. आपण ज्या 'जयभीम'ने एकमेकांना भेटतो, ते अभिवादन त्यांनी रूढ केले. नातीला हे माहीत नव्हते. आम्ही घरात रोज पन्नास वेळा जयभीम म्हणतो, पण तो शब्द कोणी दिला हे मुलांना सांगायचे राहून जाते. त्या दिवशी सांगितले.

ड्रॅगन पॅलेसलाही गेलो. १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभे राहिलेले हे विहार आता कुणाला सांगायला नको. आत चंदनाची बुद्धमूर्ती आहे. आई भिंतीला टेकून अर्धा तास गप्प बसली. उठताना म्हणाली, "इथं कोणी कोणाले हाकलत नाही." एवढेच.

कामठीचे नाव दगडांच्या शास्त्रातही आहे. इथला वाळूचा खडक शास्त्रज्ञांनी 'कामठी' ह्याच नावाने जगाच्या नकाशावर नेला. त्याच्या खालच्या थरांत दगडी कोळसा आहे. म्हणून तर ह्या भागात सिलेवाडा आणि आसपास कोळशाच्या खाणी निघाल्या आणि कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रे उभी राहिली. हा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या कितीतरी आधीचा. नात बोटे मोजू लागली. "म्हणजे आपण जसे पुढे चाललो तसे मागे चाललो!" पोरीने बरोबर ओळखले. नागपूर ते रामटेक हा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता. त्याच्यावर पुढे सरकावे तसतसे दगड जुने होत जातात.

कन्हान नदीचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना संत्र्याचे आणि कपाशीचे ट्रक. काही वेळाने समोर निळसर टेकड्या दिसू लागल्या. आई सरळ होऊन बसली.

मनसरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीजवळ भाच्याने गाडी बाजूला घेतली. रस्त्याच्या कडेला मुरूम आणि त्यात काळे खडे पडलेले होते. आई खाली उतरली. मी हात धरला तर तिने सोडवून घेतला. ती वाकली, एक खडा उचलला आणि तळहातावर वरखाली केला. मग पदराने पुसला आणि पुन्हा हातात धरून पाहिला.

नातीने पिशवीतला दगड काढला. "मोठी आजी, हा पण काळा, तो पण काळा. दोन्ही ज्वालामुखीचेच ना?"

आईने दोन्ही हातांत दोन दगड घेतले. आकाराने सारखेच होते. नातीचा दगड तिने लगेच परत दिला. "हा हलका हाय. हा नोहे माह्या दगड," ती म्हणाली. आणि दुसरा पुढे करून म्हणाली, "हा पाय. हा भारी. अशाचं टोपलं भरलं का मान आत जाये."

डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या माझ्या आईने हाताने जे सांगितले तेच शास्त्रही सांगते. तिच्या हातातला दगड मँगनीजचा होता. तेवढ्याच आकाराच्या काळ्या पाषाणापेक्षा मँगनीजचा चांगला दगड जवळजवळ दीडपट जड भरतो. तो ज्वालामुखीचा नाही. फार जुन्या काळी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू, चिखल, चुना साचला आणि त्यांच्यासोबत मँगनीजही. पुढे हे सारे जमिनीच्या पोटात खोल गेले, तापले, दाबले गेले आणि त्याचे रूप बदलले. अशा खडकांना पुस्तकात रूपांतरित खडक म्हणतात. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात आहे. इथल्या मँगनीज असलेल्या एका खडकाला इंग्रज शास्त्रज्ञ फर्मर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी 'गोंडाइट' हे नाव दिले, गोंड लोकांच्या नावावरून. राजांची नावे शहरांना मिळतात. एका दगडाला तरी इथल्या मूळ माणसांचे नाव मिळाले.

एकोणिसावे शतक संपता संपता इंग्रज कंपन्यांनी ह्या भागात मँगनीज काढायला सुरुवात केली. मँगनीज मिसळल्याशिवाय पोलाद घट्ट होत नाही. रेल्वेचे रूळ, पूल, यंत्रे, सगळ्यांत ते असते. टॉर्चच्या सेलमध्येही असते. मनसर, कांद्री ह्या गावांची नावे त्यामुळे सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यांत पोहोचली. दगड फोडणाऱ्या, वेचणाऱ्या आणि डोक्यावरून वाहणाऱ्या बायांची नावे मात्र कुठेच पोहोचली नाहीत.

माझी आई त्यांतली एक. ह्या पट्ट्यातल्या एका उघड्या खाणीवर ती आणि माझे वडील एका ठेकेदाराकडे कामाला होते. वडील सब्बल आणि घण चालवत, आई टोपले वाही. मी मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असे. हे मला आठवत नाही, आईनेच त्या दिवशी सांगितले. ते झाड शोधायला ती आली होती. रस्ता रुंद झाला आहे, घरे वाढली आहेत, झाड सापडले नाही. मला वाटले, तिला वाईट वाटेल. पण ती म्हणाली, "झाड गेलं त जाऊ दे. झोळीतली पोट्टी त हाय ना समोर." मी तोंड फिरवून उभी राहिले.

वडिलांची आठवण निघाली. शेवटच्या काही वर्षांत त्यांचे हात थरथरत. चहाचा कप ओठापर्यंत नेताना अर्धा सांडे. चालताना ते पुढे झुकत आणि पाय घासत. आम्ही मुले कधीकधी हसायचो. लोक म्हणत, म्हातारपण आहे. वय होते पंचावन्न. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली तर ती मेंदूवर परिणाम करते, हातपाय थरथरू लागतात, चाल बदलते. हे डॉक्टरांना १८३७ सालापासून माहीत आहे. त्या साली स्कॉटलंडमधल्या कारखान्यातील मँगनीज दळणाऱ्या मजुरांमध्ये हा आजार पाहून एका डॉक्टरने लिहून ठेवला. आमच्या वडिलांना मात्र कोणी साधे तपासलेही नाही. नाकाला बांधायला फडके देखील त्यांचे स्वतःचेच होते. त्यांच्या थरथरीचे कारण कागदावर कधीच आले नाही. त्या दिवशी टपरीजवळ उभे राहून मी नातीला हे सांगितले. तुझे पणजोबा म्हातारे झाले म्हणून थरथरत नसावेत बाळा, आणि आम्ही हसलो ही आमची चूक होती.

खाणीत, गिट्टीखदानीत, सिमेंटच्या कामावर जाणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा मास्क मागून घ्यावा. दगड फोडताना पाणी मारले म्हणजे धूळ बसते. हातपाय थरथरू लागले, जीभ जड झाली तर सरकारी दवाखान्यात जाऊन आपण कोणते काम करतो हे डॉक्टरांना आधी सांगावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ साली खाणीत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदा सुधारण्यासाठी त्यांनी विधेयक मांडले. कायदा झाला. तो आपल्यापर्यंत पोहोचतो की नाही हे बघणे आपले काम आहे.

मनसरला तलावाजवळ हिडिंबा टेकडी आहे. १९९७-९८ पासून काही वर्षे इथे उत्खनन झाले. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्र हे काम करीत होते, आणि जगत्पती जोशी व ए. के. शर्मा ह्या पुरातत्त्वज्ञांनी ते चालवले. मातीखालून विटांची मोठमोठी बांधकामे निघाली. टेकडीभर विटांचे ओटे एकावर एक चढत गेलेले दिसतात. उत्खनन करणाऱ्यांना इथे स्तूप आणि विहाराच्या खुणा दिसल्या. दुसरे काही विद्वान म्हणतात की वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, आणि टेकडीवरचे बांधकाम त्याच्या काळचे शिवमंदिर आहे. वाद आहे. आपल्याला आवडते म्हणून एक बाजू खरी आणि दुसरी खोटी, असे म्हणणे बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही. वीट हातात घेऊन, पुरावा बघून बोलावे. पण एवढे नक्की की इथल्या मातीत पंधराशे वर्षांहून जुने वैभव झोपलेले आहे, आणि आमची आई जवळच्या खाणीत डोक्यावर टोपले घेऊन चालत होती तेव्हा तिला कोणी ते सांगितले नव्हते.

आईला टेकडी चढवली नाही. भाचा तिच्याजवळ थांबला. खाली आलो तेव्हा ती त्याला विटा कशा भाजतात ते समजावून सांगत होती.

मनसरहून उजवीकडे वळले की सहा-सात किलोमीटरवर रामटेक. डोंगर जवळ येऊ लागला तशी नात अधीर झाली. गाडी वरपर्यंत जाते. वर वानरांची फार गर्दी, हातात खाण्याची पिशवी दिसली की झडप घालतात. जाणाऱ्यांनी पिशव्या गाडीतच ठेवाव्यात.

वरून जे दिसले ते डोळ्यांचे पारणे फेडणारे होते. खाली डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव, पलीकडे हिरवी-पिवळी शेते, दूर खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय. डोंगराची कड खरोखरच नालेसारखी वळलेली. नात म्हणाली, "बघ, हेच तोंड आहे!" आणि पिशवीतला काळा दगड घेऊन ती कडेच्या खडकाशी गेली.

खडक काळा नव्हता. लालसर, पांढुरका, पापुद्र्यापापुद्र्याचा. उन्हात चमचम करत होता. तिने बोट फिरवले तर बोटाला चांदीसारखी पूड लागली. ते अभ्रक. ह्या खडकाच्या लाल रंगावरून डोंगराला जुन्या काळी सिंदूरगिरी म्हणत. नातीचा चेहरा पडला. "म्हणजे हा ज्वालामुखी नाही?"

नाही. हे मनसरच्या दगडाचेच भाऊबंद, जुन्या समुद्रातील वाळूचिखलाचे रूप बदललेले खडक. दाबाने त्यांच्या थरांना घड्या पडल्या, जशा गोधडीला पडतात. मऊ भाग ऊन-पावसाने झिजला आणि कठीण भागाची कड उभी राहिली. लोकांचा डोळा असा पूर्वीही फसला आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर काळ्या पाषाणातच आहे, गोल आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यालाही एकेकाळी ज्वालामुखीचे तोंड समजत. नंतर कळले की ते आकाशातून आदळलेल्या अशनीने पडलेले विवर आहे. आपल्या देशात आज जागा असलेला ज्वालामुखी म्हणजे अंदमानातले बॅरन बेट. फार वर्षे शांत राहून १९९१ साली तो पुन्हा पेटला. तिथे काही भाच्याच्या गाडीने जाता येणार नाही!

मी नातीला म्हटले, "तुला ज्वालामुखीचा डोंगर पाहायचा होता ना? तो तर सकाळी घरून निघालो तेव्हाच मागे राहिला. आपण तिथे रोज राहतो." ती थोडा वेळ गप्प बसली, मग हसली.

देवळांच्या आत आम्ही गेलो नाही. पण वाकाटकांच्या काळची नरसिंहाची जुनी दगडी मंदिरे बाहेरून पाहिली. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन. चौथ्या शतकाच्या शेवटी प्रभावतीगुप्ता ही राणी विधवा झाली, मुले लहान होती, तेव्हा तिने स्वतः राज्यकारभार चालवला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. तिची भक्ती वैष्णव होती. ह्याच वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला होती. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवून भिक्षुसंघाला दान दिले. आणि अजिंठ्याचा डोंगर कशाचा? आपल्या नातीच्या पिशवीतल्या दगडाचा! ज्वालामुखीच्या त्याच काळ्या पाषाणात छिन्नीने बुद्ध उमटवला गेला. आग थंड झाली आणि कोट्यवधी वर्षांनी माणसाने तिच्यातून शांतीची मूर्ती काढली. खोदणारे हात कोणाचे होते, ह्याचा शिलालेख मात्र तिथेही नाही.

रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाचीही टेकडी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जाणाऱ्यांनी चौकशी करून जरूर पाहावी.

दुपारी खिंडसीच्या काठाला झाडाखाली शिदोरी सोडली. इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव शेतीला पाणी पुरवतो. आईने भाकरीचा पहिला घास मोडून पाण्याकडे बघितले. तिने जुनी गोष्ट सांगितली. कोण्या गावी, कोणत्या विहिरीवर, ते तिने सांगितले नाही. तहानलेल्या बायांना वरून ओंजळीत पाणी ओतत, तेही कोणी दया केली तर. आज तिने स्वतःच्या स्टीलच्या गडव्यातून पाणी पिऊन भाच्याला दिले, तो प्यायला, मग चहावाल्या दादाने तोच गडवा मागून पाणी प्याले. कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. एवढ्यासाठीच तर लढा झाला.

परत निघताना आईने कंबरेची पिशवी सोडली आणि घड्या घातलेल्या नोटा भाच्यापुढे धरल्या. पेट्रोलचे पैसे. त्याने घेतले नाहीत. आई ऐकेना. "तुया रविवार बुडाला. गाडीचा हप्ता हाय. मी कोणाचं फुकट खाल्लं नाही." भाचा म्हणाला, "आजी, तुमी टोपलं वाह्यलं म्हणून मावशी शिकली. मावशीनं माह्या शाळेची फी भरली, म्हणून मी बारावी झालो आणि बँकेनं मले गाडीचं कर्ज देल्लं. हा हप्ता तुमी कधीचाच भरला हाय." आईने नोटा परत ठेवल्या नाहीत. त्यातली एक काढून त्याच्या मुलाच्या नावाने त्याच्या खिशात कोंबली. दोघांचेही राहिले.

संध्याकाळी साडेसहाला घरी पोहोचलो. खर्च म्हणाल तर पेट्रोल भाच्याचे, चहा आमच्या ह्यांचा, बाकी घरची शिदोरी. ज्यांच्या नात्यागोत्यात गाडी आहे त्यांनी, किंवा दोन-तीन घरांनी मिळून भाड्याची केली तरी, ही सहल एका दिवसात आरामात होते. सकाळी लवकर निघावे, कामठी, मनसर, रामटेक, खिंडसी ह्या क्रमाने जावे, पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. उत्खननाच्या जागेवरून वीट किंवा खापर उचलू नये, तो गुन्हा आहे आणि आपल्याच इतिहासाची चोरी आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्यायला विसरू नये. पुढच्या सीटवर बसवावे.

नातीने शाळेसाठी 'आपल्या परिसरातील खडक' ह्या विषयावर वही तयार केली. पहिल्या पानावर काळा पाषाण, दुसऱ्यावर मँगनीज, तिसऱ्यावर रामटेकच्या चमकत्या खडकाची कपची. प्रत्येकाखाली माहिती लिहिली. मँगनीजखाली तिने लिहिले की हा दगड ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याचे वजन. शेवटी 'माहिती देणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. तिथे तिने पणजीचे पूर्ण नाव लिहिले, आणि पुढे कंसात, खाण कामगार.

मी ते आईला वाचून दाखवले. तिने वही मागून घेतली. तिला वाचता येत नाही. आपले नाव कुठे आहे ते तिने विचारले. मी बोट ठेवून दाखवले. तिने त्या जागेवरून दोनदा हात फिरवला.